आजी बरी: चौलहून पुण्याला, मोबाइल नेटवर्कशिवाय

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळणे काढले आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

आज आधी एक आवाज ऐकवते. हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा.

(बारा-तेरा सेकंद बारीक शिट्टी. ती किंचित वरखाली होते. मागे खरखर.)

हा माझा मामा. म्हणजे मामाचा आवाज नाही, मामाने टाइप केलेल्या वाक्याचा एक तुकडा. तो चौलला त्याच्या घरात बसलाय, मी पुण्यात. मध्ये मोबाइल टॉवर नाही, इंटरनेट नाही, केबल नाही. एक तार आहे, जी त्याच्याकडे दोन नारळांच्या मध्ये बांधलीये आणि माझ्याकडे गच्चीवर. आणि वर आकाश.

हे सगळं कशासाठी केलं, ते आधी सांगते.

3 जून 2020. बुधवार होता. लॉकडाऊन चालू होतं आणि मी पुण्यात अडकलेली. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याने वाऱ्याचा वेग दिला होता ताशी 110 ते 120 किलोमीटर, झोत त्याहून जोराचे. चौल म्हणजे अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणारं गाव. आमचं आजोळ तिथलं. नारळी-पोफळीची वाडी, घराला पुढे पडवी, आणि घरात मामा, मामी आणि आजी.

सकाळी मामाशी बोलणं झालं होतं. साडेबाराच्या सुमारास पुन्हा लावला तर अर्धं वाक्य ऐकू आलं, "अगं कौलं..." आणि फोन कट. त्यानंतर काही नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आई दर पंधरा मिनिटांनी फोन लावायची आणि ती रेकॉर्डवरची बाई एकच वाक्य बोलायची. टीव्हीवर अलिबागची दृश्यं येत होती, उडालेले पत्रे, रस्त्यावर आडवी झाडं. त्या झाडांमध्ये आमच्या वाडीतलं एखादं आहे का, ते बघत आम्ही बसायचो. वेडेपणा होता, पण दुसरं करणार काय?

पाचव्या दिवशी मामेभावाचा फोन आला. तो मिळेल त्या वाहनाने आणि बराचसा चालत रेंज असलेल्या जागी पोचला होता. म्हणाला, "सगळे ठीक आहेत. पोफळी गेल्या. आजी ठीक आहे." एवढंच. सगळा मिळून वीस सेकंदांचा मजकूर. आणि त्या वीस सेकंदांसाठी माझ्या आईने पाच दिवस धड जेवण केलं नव्हतं.

माझ्या डोक्यातून ते गेलंच नाही. आपल्याला व्हिडिओ कॉल नको होता, फोटो नको होते. तीन शब्द हवे होते. तीन शब्द शंभर किलोमीटर पाठवायला काहीतरी मार्ग असेलच ना?

आधी हे समजून घ्या की नेटवर्क जातं कसं. आपल्याला वाटतं टॉवर पडला म्हणून रेंज गेली. बऱ्याचदा टॉवर उभाच असतो. वीज जाते, टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास चालतात, मग जनरेटरचं डिझेल संपतं आणि रस्ते बंद असल्यामुळे नवीन डिझेल येत नाही. किंवा टॉवर चालू असतो, पण त्याला मुख्य जाळ्याशी जोडणारी फायबर कुठेतरी झाडाखाली तुटलेली असते. म्हणजे तुमचा फोन आणि समोरच्याचा फोन यांच्यामध्ये पन्नास वस्तू असतात आणि त्यातली एक जरी गेली तरी संपलं. रेडिओचं तसं नाही. एक सेट इथे, एक सेट तिथे. मधलं कोणी नाही.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 2004 च्या डिसेंबरमध्ये भारतातले काही हॅम अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. भारती प्रसाद त्या गटाच्या प्रमुख होत्या. हेतू साधा होता, दुर्मिळ जागेवरून जगभरच्या हॅमशी बोलायचं. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, आणि तोच छंदाचा सेट बेटांवरून मुख्य भूमीशी बोलायचं साधन झाला. ही गोष्ट मी मामाला फोनवर सांगितली. मामाचं रेवदंड्याला टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आयुष्यभर सोल्डरिंग केलेला माणूस. तो म्हणाला, "सेट आण, मी चालवतो."

मी म्हटलं, "मामा, आधी परीक्षा."

तो म्हणाला, "कसली? मी साठीला आलो गं."

परीक्षा आहे मंडळी, आणि ती द्यावीच लागते. ऑनलाइन दोन-तीन हजारांत वॉकीटॉकी मिळतो, तो घेऊन बटण दाबलं की झालात हॅम, असं नाही. विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. परीक्षेत दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. परवान्याच्या दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. कोणत्या ग्रेडला कोणते बँड आणि कोणत्या प्रकारचं प्रसारण चालतं हे नियमांत ठरलेलं आहे, त्यामुळे सेट घ्यायच्या आधी ते वाचा. आम्ही दोघांनी जनरल द्यायचं ठरवलं.

मग सुरू झाली मोर्सची शिकवणी. मामाने दुकानातल्या एका मेलेल्या इंडक्शनमधला बझर काढून त्यावर सराव केला. मामी सांगते, गिऱ्हाईक मिक्सर घेऊन यायचं आणि हा टेबलावर बोटं आपटत बसलेला असायचा. मिक्सर दुरुस्त व्हायला दोन दिवस जास्त लागायला लागले म्हणून एकाने तक्रारही केली. पण तो पास झाला. मी पण झाले, जरा काठावर. परवाने हातात यायला वेळ लागला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्याकडे काहीच तयार नव्हतं. पुन्हा तोच फोन, तीच बाई. सुदैवाने त्या वेळी दुसऱ्या दिवशी संपर्क झाला.

आता खरी तांत्रिक गोष्ट. चौल ते पुणे सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. हातातला वॉकीटॉकी व्हीएचएफवर चालतो आणि व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये सह्याद्री उभा आहे. संपला विषय. म्हणून आम्ही एचएफ घेतलं, 40 मीटरचा बँड, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास.

इथे एक गंमत आहे, जी मला फार आवडते. एरवी हॅम लोक अँटेना जितकी उंच तितकी चांगली म्हणतात. आम्ही मुद्दाम खाली बांधली. जमिनीपासून पाच-सहा मीटर. खाली बांधली की लहर आडवी न जाता सरळ वर आकाशात जाते, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या आयनोस्फियरला लागून परत खाली पडते. कारंज्यासारखी. मग मध्ये सह्याद्री असो नाहीतर हिमालय, काय फरक पडतो? ती डोंगरावरून उडी मारत नाही, डोंगराच्या दोन्ही बाजूंना वरून पडते.

अँटेना म्हणजे साधी तांब्याची तार. दोन भाग, प्रत्येकी सुमारे 10 मीटर, मधोमध केबल जोडलेली. गणित सोपं आहे, 143 ला मेगाहर्ट्झने भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. मामाने डिश टीव्हीची केबल लावायचं म्हटलं, दुकानात पडलीच होती. ती 75 ओहमची असते, सेटला 50 ची हवी. थोडा वाद झाला, मी जिंकले. मग तो म्हणाला तार थेट नारळांना बांधू. इथे मात्र मला अक्कल नव्हती. मी हो म्हटलं. पहिल्याच वाऱ्यात दोन्ही झाडं दोन दिशांना डोलली आणि तार तुटली. नारळ उभा दिसतो पण स्थिर नसतो, हे चौलला राहणाऱ्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती आणि तोही विसरला होता! आता एका बाजूला कप्पी आहे. तारेची दोरी कप्पीवरून खाली येते आणि तिला वाळू भरलेला तेलाचा डबा टांगलाय. झाड डोललं की डबा वरखाली होतो, तारेला ताण बसत नाही. मामी येता-जाता त्या डब्याकडे बघून वारा किती आहे ते सांगते.

आणि खारी हवा. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण तरी सांगते. पहिल्या चार महिन्यांत केबलचा कनेक्टर हिरवा पडला. आता जोडावर रबरी टेप घट्ट ताणून गुंडाळतो, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. दर दिवाळीत उघडून बघायचं ठरवलंय.

सेट आम्ही जुना घेतला, दुसऱ्या एका परवानाधारकाकडून. नवा लाखाच्या घरात जातो. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, 12 व्होल्ट, 150 एएच. आम्ही 10 वॉटवर पाठवतो. दहा वॉट म्हणजे देवघरातला एलईडी बल्ब, बरं का.

आता टेक्स्ट. बोलायचं का नाही, टाइप का करायचं? कारण 10 वॉटवर आवाज खरखरीत बुडतो, मजकूर बुडत नाही. आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो त्याचं नाव जेएसएटकॉल. फुकट आहे. जॉर्डन शेरर नावाच्या अमेरिकन हॅमने ते 2018 मध्ये बनवलं, पण त्याचा पाया एफटीएट नावाच्या पद्धतीचा, जी 2017 ची. आणि एफटीएट बनवणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर, ज्यांना 1993 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय, जोड-पल्सारच्या शोधासाठी. आकाशातून येणारे मरतुकडे सिग्नल गोंगाटातून वेगळे काढण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, त्याने ती विद्या हॅम लोकांना वाटली. त्यामुळे कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नलही लॅपटॉप वाचतो. सुरुवातीला ऐकवला तो मी मुद्दाम चांगल्या दिवसाचा घेतला होता. एरवी तुम्हाला फक्त खरखर ऐकू आली असती, आणि पडद्यावर मात्र अक्षरं.

जोडणी अशी: लॅपटॉपच्या यूएसबीला एक छोटं साउंड कार्ड, त्यातून सेटला केबल. लॅपटॉप शिट्टी वाजवतो, सेट ती शिट्टी हवेत सोडतो. दुसऱ्या टोकाला उलटं. एक चूक सगळे करतात, आम्हीही केली. लॅपटॉपचा आवाज फुल ठेवायचा. जास्त आवाज म्हणजे जास्त लांब पोचणार असं वाटतं. होतं उलटं, सिग्नल फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर घाण होते. सेटवर एएलसीचा काटा असतो, तो हलायलाच नको इतका आवाज कमी करायचा.

दुसरी अडचण जास्त लबाड होती. आमच्या सगळ्या चाचण्या मस्त झाल्या. मग आम्ही ठरवलं, खरी परीक्षा करू, मामाने वायफाय बंद करून दहा दिवस लॅपटॉप तसाच ठेवायचा, नेट नाही असं समजून. अकराव्या दिवशी मला त्याचा सिग्नल दिसतोय, पडद्यावर त्याची रेघ उमटतेय, पण अक्षर एक येत नाही. दोन तास आम्ही फोनवर भांडलो. केबल बघ, टेप बघ, तू काय बदललंस, मी काही बदललं नाही! शेवटी कळलं, घड्याळ. ही पद्धत पंधरा-पंधरा सेकंदांच्या ठोक्यावर चालते, दोन्हीकडची घड्याळं दोनेक सेकंदांच्या आत जुळलेली लागतात. नेट असताना लॅपटॉप गुपचूप वेळ जुळवून घेतो. नेट गेलं की त्याच्या जुन्या घड्याळाची लाज उघडी पडते. मामाचा लॅपटॉप चार सेकंद मागे होता. म्हणजे जी गोष्ट नेट नसताना वापरायची, तीच नेट नसल्यामुळे बंद पडली असती. आता त्याला एक जीपीएसचा छोटा डोंगल लावलाय, वेळ उपग्रहावरून येते. तो नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये ऐकू येणाऱ्या सिग्नलवरून वेळ सरकवायची सोयही आहे. तुम्ही असं काही उभारलंत तर नेट बंद ठेवून दहा दिवसांची चाचणी घ्याच. एका दिवसाची उपयोगाची नाही.

अजून एक गोष्ट, भाषेची. जेएसएटला देवनागरी येत नाही. रोमन लिपी आणि तीही कॅपिटल अक्षरं. तुम्ही तरुण मंडळी व्हॉट्सॲपवर तसंच लिहिता, तुम्हाला त्रास नाही. मामाला झाला. तो "आहे" कसं लिहायचं यावर एक आठवडा अडला. मी चिडून एपीआरएस नावाची दुसरी पद्धत बघितली, जी फोनवरूनही चालते, एपीआरएसड्रॉइड नावाच्या ॲपने. फोनला केबलने वॉकीटॉकी जोडला की झालं. पण तिथे एका मेसेजला 67 अक्षरांची मर्यादा. आणि देवनागरीचं एकेक चिन्ह संगणकाच्या हिशेबात तीन जागा खातं. "आजी" म्हणजे आ, ज आणि वेलांटी, नऊ जागा! 67 मध्ये अशी बावीस चिन्हं बसतात. पुढे मग रोमनवरच समझोता झाला.

एपीआरएसची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हॅम लोकांसाठी एक रेडिओ आहे. चालू असतो तेव्हा 145.825 मेगाहर्ट्झवर आलेला मेसेज तो ऐकतो आणि जसाच्या तसा खाली फेकतो. स्थानक चारशे किलोमीटर उंचीवरून जातं, एका वेळी जास्तीत जास्त दहाएक मिनिटं आपल्या आकाशात असतं, आणि त्या वेळात चौल आणि पुणे दोन्ही त्याला दिसतात. मामा एका संध्याकाळी गच्चीवर घरी केलेला यागी अँटेना हातात धरून उभा, मामी हातात फोन धरून दिशा सांगतेय, "अजून वर, अजून डावीकडे, पत्र्याच्या वर!" तीन फेऱ्या फुकट गेल्या. चौथीला माझ्या पडद्यावर आलं, "नमस्कार पुणे". शेजारच्या काकूंना वाटलं डिशची दिशा बिघडली. पण याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. स्थानक तुमच्या गरजेच्या वेळी येत नाही, त्याच्या वेळेला येतं.

रोजच्या कामासाठी आमचं 40 मीटरच. वेळ ठरलेली, सकाळी साडेनऊ. दिवसा छान चालतं. रात्र पडली की आयनोस्फियर विरळ होतं, सरळ वर गेलेली लहर परत येत नाही, निसटून जाते. आम्ही एका रात्री नऊला प्रयत्न केला तर पुण्यात मला मामा नाही, पण हजारो किलोमीटरवरचे परदेशी हॅम दिसत होते. रात्रीसाठी 80 मीटरचा बँड लागतो, त्याची तार दुप्पट, प्रत्येक बाजूला वीस मीटर. ती अजून व्हायची आहे. वाडीत जागा आहे, माझ्या गच्चीवर नाही.

आणि सूर्य बिघडला की दिवसाही बंद. मे 2024 मध्ये सूर्याकडून मोठं चुंबकीय वादळ आलं होतं, लडाखमधून लाल आकाशाचे फोटो आलेले आठवतात? तेव्हा आमची साडेनऊची वेळ कोरडी गेली. योगायोग असा की अशी वादळं मोजणारी जुनी वेधशाळा मामाच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसूची थरथरणार, म्हणून 1904 मध्ये ते काम अलिबागला आणलं. मामा तिच्यासमोरून आयुष्यभर एसटीने गेला, आत काय मोजतात ते त्याला साठीनंतर कळलं.

बरं, हे सगळं कामाला आलं का?

एकदा आलं. गेल्या वर्षी जुलैत. वादळ नव्हतं, नुसता पाऊस. कुठेतरी झाड लाइनवर पडलं, वीज गेली, आणि काही तासांनी रेंज गेली. आजीला आदल्या दिवशीपासून ताप होता, ते आम्हाला माहीत होतं. म्हणून धाकधूक जास्त. रात्रभर फोन लागत नव्हता. आई म्हणाली गाडी काढ. घाटात दरड पडल्याच्या बातम्या येत होत्या. मी म्हटलं साडेनऊपर्यंत थांब.

नऊ वीसला मी सेट लावला. नऊ तीसला काही नाही. नऊ बत्तीसला एक रेघ उमटली. मग अक्षरं यायला लागली, पंधरा सेकंदाला चार-पाच शब्दांचा घास. "आजी बरी." थांबलं. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी. "ताप उतरला." थांबलं. "वीज नाही. औषध 4 दिवसांचं आहे. येऊ नका घाट बंद."

सव्वा मिनिट लागलं सगळ्याला. मी परत लिहिलं, "कळलं. आई रडतेय." मामाने लिहिलं, "तिला चहा दे."

गाडी काढली नाही. एवढंच काम झालं, आणि त्यासाठी आमची चार वर्षं गेली होती.

पण त्याच दिवशी दुसरी गोष्ट झाली, आणि ती मला जास्त छळते. आळीत बातमी पसरली की यांच्याकडून पुण्याला निरोप जातो. दुपारपर्यंत पडवीत सहा जण. एकीची मुलगी ठाण्यात बाळंतपणाला गेलेली, नववा महिना. "भाऊ, तेवढं विचारा ना." मामाला नाही म्हणावं लागलं. हौशी परवाना स्वतःच्या प्रयोगासाठी आणि इतर हॅमशी बोलण्यासाठी आहे. दुसऱ्यांचे निरोप वाहायला तो नाही, धंद्याचे तर नाहीच, आणि सांकेतिक भाषाही चालत नाही, जे लिहाल ते कुणालाही वाचता आलं पाहिजे. आपत्तीत सरकारी यंत्रणेसाठी निरोप पोचवायची सोय नियमांत आहे, पण एका दिवसाच्या पावसाला कुणी आपत्ती जाहीर केली नव्हती. मामाने सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून घेतले आणि मामेभाऊ बाइकवर रेंज शोधत गेला. संध्याकाळी परत आला, सगळ्यांचे निरोप घेऊन. मुलगी ठीक होती.

मला वाटतं मामाने बरोबर केलं. आईला वाटतं चूक केलं. यावर आमच्याकडे अजून जेवताना वाद होतो.

त्यातून पुढची गोष्ट निघाली. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. त्यावर मेशटॅस्टिक नावाची व्यवस्था चालते. काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र, ब्लूटूथने तुमच्या फोनला जोडायचं, आणि फोनवरून चॅटसारखा मेसेज टाकायचा. एक यंत्र दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. परीक्षा नाही, मेसेज गुप्तही ठेवता येतो, आणि दुसऱ्याचा निरोप न्यायला आडकाठी नाही. मामाने आळीत पाच बसवलीत. वाडीतून ओल्या झावळ्यांमधून अंतर फार मिळत नाही, अर्ध्या किलोमीटरवर हाल होतात. पण तेच यंत्र घेऊन मी दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढून गेले, तर वरून रेवदंड्याचं दुकान लगेच बोललं. खाली खाडी, पलीकडे कोर्लईचा किल्ला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बोटीने याच चौलला उतरला होता. घरी निरोप धाडायचा तर किती महिने लागले असते, कोण जाणे. मी तिथे धापा टाकत उभी राहून मामाला "चहा टाका" असं पाठवत होते.

म्हणजे आता आळीतला निरोप मामाच्या पडवीपर्यंत येतो. तिथून पुण्याला जाणारी तार मामाकडे आहे. आणि त्या दोघांच्या मध्ये नियमाची एक उंबरठ्याएवढी पट्टी आहे, जी आम्ही ओलांडलेली नाही. मामाने तालुक्याच्या आपत्ती विभागात अर्ज दिलाय, की वादळाच्या वेळी आमचं स्टेशन तुमच्या कामाला घ्या, कुणाचा निरोप न्यायचा ते तुम्ही ठरवा. एकदा चकरा मारून झाल्या, पुन्हा बोलावलंय. जूनच्या आत व्हावं असं त्याचं म्हणणं आहे.

तुमच्यापैकी कुणी किनाऱ्यावर राहत असाल, मुरुड, श्रीवर्धन, दापोली, मालवण, कुठेही, आणि परीक्षेची तयारी करत असाल तर मला कळवा. अभ्यासाच्या माझ्या वह्या पडून आहेत, त्यातल्या मोर्सच्या पानांवर चहाचे डाग आहेत, पण वाचता येतात. पुढच्या भागात ती नारळाच्या झाडावरची कप्पी कशी बसवली ते सांगते, कारण वर कोण चढलं यावरून मामी आणि मामाचं एकमत नाही आणि मला दोघांनाही माइकसमोर बसवायचंय.

चला, उद्या साडेनऊला उठायचंय.